सतरा नंबरची बाटली

४ फेब्रुवारी
आले बाई एकदाची. दोन ट्रंका, एक शिलाईचा डबा आणि आठ वर्षांची चिमणी, एवढा संसार घेऊन काल संध्याकाळी ताईच्या दारात उभी राहिले. ताईने तिच्या दोन खोल्यांतली मागची खोली आमच्यासाठी रिकामी करून ठेवली होती. खिडकीला कपडे वाळत घालायची दोरी, समोर शाळेचं पटांगण. चिमणीचे बाबा जाऊन दोन वर्षं झाली. त्यानंतर काल पहिल्यांदा मी गाढ झोपले.

आज कारखान्यात पहिला दिवस. शर्ट शिवतात. दोन रांगांत चाळीस मशीन, मी सतरा नंबरवर, काम कॉलर जोडायचं. शेजारी अठरा नंबरवर काजं करणारी एक वयस्कर बाई आहे, तिला सगळ्या मावशी म्हणतात. मशीन गुणाचं आहे, टाका बारीक आणि सरळ पडतो. खाली पायाजवळ स्टीलची एक बाटली होती, काठोकाठ भरलेली आणि गार. कुणीतरी विसरलं असेल म्हणून पाणी खिडकीतल्या कुंडीत ओतलं आणि बाटली बाजूला ठेवली. ही वही ताईने दिली. रोज लिहीन म्हणते. चिमणी झोपली की बोलायला कुणी नसतं.

६ फेब्रुवारी
इथली एक गंमत लिहायलाच हवी. चाळीस बायकांना संडास एक, त्याला कुलूप, आणि किल्ली बांधलीय दोऱ्याच्या रिकाम्या लाकडी रिळाला. रीळ भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं असतं. ज्या बाईने ते उचललं तिच्या नंबरापुढे फळ्यावर खडूची एक रेघ. रेघा मारायचं काम सुपरवायझरचं. तो सारखा मनगट बघत असतो म्हणून बायका त्याला घड्याळवाले म्हणतात, तेही हळूच. महिनाभर जिच्यापुढे रेघ नाही ती कोरी पाटी. तिला सगळ्यांसमोर कागदाचं फूल मिळतं आणि पुढचा महिनाभर गादीची खुर्ची.

मला हसू आलं. मी तर या बाबतीत पहिल्यापासून पैलवान. इकडे येताना दहा तासांच्या प्रवासात बसमधून एकदाही उतरले नाही. चिमणीच चार वेळा उतरली. मावशीला म्हटलं, हे फूल माझंच समजा. ती हसली नाही. काजाकडे बघत म्हणाली, हौस असेल तर घे बाई.

९ फेब्रुवारी
बाटली रोज भरलेली असते. मी रोज ओतते. कुंडीतल्या रोपाला मात्र नवी पालवी फुटलीय, त्याचं बरं चाललंय. कुणाची आहे म्हणून रांगेत विचारलं तर सगळ्यांना एकदम काम आठवलं.

माझा नेम ठरलाय. सकाळी घरी अर्धा कप चहा, दुपारी डबा खाल्ल्यावर दोन घोट, मग थेट घरी आल्यावर. फळ्यावर सतरापुढे रेघ नाही. घड्याळवाले आज जाता जाता म्हणाले की नव्या बाईकडून शिकण्यासारखं आहे. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. गेली दोन वर्षं लोकांनी नुसती माझी कीव केली होती.

१४ फेब्रुवारी
मशीनचा खण अडकत होता. ओढला तर आत कागदाची फुलं. चपटी झालेली, रंग उडालेली. अकरा मोजली.

मावशीला दाखवली तेव्हा तिने मशीन थांबवलं. माझ्याआधी सतरावर एक बाई बसायची, तिची ही फुलं, म्हणाली. वर्षभरात फक्त एकदा तिची पाटी कोरी राहिली नव्हती. दिवसभर घशाखाली थेंब उतरू द्यायची नाही. मग लघवीला आग व्हायला लागली, कंबर धरून बसायची, थंडी वाजून ताप यायचा. गोळी घेऊन कामाला यायची. एक दिवस उठता उठता खाली बसली. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती म्हणे. दहा दिवसांत आटोपलं. शेवटी शेवटी पाणी पाणी करत होती, मावशी म्हणाली, आणि डोळे पुसून काजाकडे वळली. बाटली तिचीच होती का, हे मी विचारलं नाही. मावशीनेही सांगितलं नाही.

मला त्या बाईचं वाईट वाटलं. आणि आज बाटलीतलं पाणी ओतलं ते तिच्याकडे न बघता.

१५ फेब्रुवारी
दुपारी तीनची गोष्ट, लख्ख उजेडातली. माझ्या खुर्चीपासून संडासाच्या दारापर्यंत ओल्या पावलांचे ठसे होते. बायकी पावलं, अनवाणी. जाणारीच. परत येणारं एकही नव्हतं. मावशीला हाक मारेपर्यंत फरशी कोरडी झाली.

१९ फेब्रुवारी
दोन दिवस आग होतेय. सारखं जावंसं वाटतं, गेलं की चार थेंब. लघवी गढूळ आहे. ताईने हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई शांत आहेत, शेजारणीशी बोलावं तसं बोलतात. लघवी तपासली, जंतुसंसर्ग निघाला. पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं की दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी पाचही दिवस पुऱ्या करा, नाहीतर उरलेले जंतू वर मूत्रपिंडापर्यंत चढतात. दिवसभर थोडं थोडं पाणी प्या, लघवी फिकट दिसली पाहिजे. दर तीन तासांनी जाऊन या, तुंबवून ठेवू नका. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्या मूत्रपिंडाला बाधतात. ताप आला किंवा कुशीत दुखलं तर त्याच दिवशी या. मी मान हलवत राहिले. ताई म्हणाली, ही नुसती नंदीबैलासारखी मान हलवतेय, तुम्ही लिहूनच द्या. त्यांनी लिहून दिलं.

२१ फेब्रुवारी
आग थांबली. पाणी प्यायचं म्हणजे जायचं आलं. काल आजारपणाचं सांगितलं म्हणून घड्याळवाल्यांनी दोन रेघा मारून पुसल्या, पण आजपासून पुसणार नाही म्हणाले. महिना संपायला आठवडा राहिलाय. उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवल्या. बरं वाटतंय तर कशाला?

आज जेवून आले तर रीळ माझ्या मशीनवर होतं. सुईच्या शेजारी, किल्लीसकट. बाजूला बाटली, उघडी. मी उठून रीळ खिळ्याला लावलं. बसले, कॉलर घेतली, मान वर केली तर रीळ पुन्हा तिथेच. कुणी चेष्टा करत असेल तर पुरे झालं. मावशीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

२८ फेब्रुवारी
फूल मिळालं. लाल कागदाचं, मधे पिवळं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मावशी सोडून. गादीच्या खुर्चीत बसले आणि पाठीला काहीतरी गार लागलं. खुर्चीवर मागून कुणीतरी ओला हात ठेवला होता. टाळ्या चालू होत्या म्हणून मी हसत राहिले.

घरी चिमणीने फूल वेणीत खोवलं. आई पहिली आली, आई पहिली आली, म्हणत खोलीभर नाचली.

२ मार्च
तिला मला न्यायचंय. दुसरं काय. पाणी पाणी करत गेली, आता मला पाजून सोबत नेणार.

कारखान्यातलं पाणी तर नाहीच. आता घरचा पेलासुद्धा तोंडाजवळ नेला की गार पडतो, बोटं ओली होतात. घोट उतरत नाही. फक्त चहा घेते. उजव्या कुशीत ठणका आहे. मावशीच्या डबीतून अंगदुखीच्या गोळ्या घेतल्या, सकाळी दोन, दुपारी दोन.

५ मार्च
ती दिसली.

तीन वाजता. संडासाच्या दाराशी, पाय घट्ट जुळवून उभी, माझ्याच वयाची. ओठ फुटलेले. एका हातात रीळ, दुसऱ्यात बाटली. दोन्ही माझ्याकडे धरलेली. चाळीस मशीन चालू होती आणि कुणी वर पाहत नव्हतं. मी कॉलर डोळ्यांवर धरली. खाली केली तेव्हा ती माझ्या टेबलाशी होती. चिडलेली नव्हती. रडत होती.

संध्याकाळी थंडी वाजून आली. ताईने दोन पांघरुणं घातली. दवाखान्यात चल म्हणाली. उद्या म्हटलं. नवीन महिन्यात अजून एकही रेघ नाही.

७ मार्च
चिमणी झोपलीय. लिहून टाकते.

चिमणी आज शाळेतून आली ती पोट धरून. आग होते आई, म्हणाली. दप्तर उघडलं. पाण्याची बाटली भरलेली, सकाळी दिली तशी. मी विचारलं, प्यायली का नाहीस? म्हणाली, शाळेतल्या संडासाला कडी नाही, मग जावं लागतं, म्हणून पीतच नाही. केव्हापासून? तुला फूल मिळालं तेव्हापासून. मीपण कोरी पाटी आहे आई. मग फूल कधी देणार, विचारलं तिने.

मी दिलं हे तिला. माझ्या हाताने.

आणि मग कळलं की ती बाई महिनाभर काय सांगत होती. पी. जा. एवढंच. रोज बाटली भरून ठेवत होती, रीळ आणून देत होती. आणि मी रोज कुंडीत—

८ मार्च
चिमणीला दवाखान्यात नेलं. थोडक्यात सुटली. लवकर आणलंत, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. औषध सुरू झालं. आठवड्यात बरी होईल, मात्र कोर्स पुरा करायचा आणि पाणी प्यायचं. ताई शाळेत जाऊन कडी बसवून घेणार आहे, नाही बसवली तर स्वतः हातोडी घेऊन जाते म्हणाली.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळाला हात लावला. कुशीवर नुसतं बोट टेकवलं, मी किंचाळले. गोळ्या पुऱ्या केल्यात का, विचारलं. डब्यात उरल्यात, म्हटलं. त्यांनी तिथूनच मोठ्या रुग्णालयात पाठवलं.

१० मार्च
वॉर्ड. खिडकीजवळची खाट. हाताला सुई. जंतू रक्तात गेलेत. मूत्रपिंडं काम करत नाहीत, अंगदुखीच्या गोळ्यांनी आणखी बसली. काल यंत्राला जोडलं होतं चार तास. रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं.

लघवी होत नाही. म्हणून पाणी मोजून. दिवसभरात दोन पेले, त्यातलाही थोडा औषधाला. जीभ लाकूड झालीय. नर्सबाई ओला कापूस ओठांना लावते.

महिनाभर समोर गार पाणी होतं माझ्या.

११ मार्च
मावशी आली होती. माझा हात धरून रडली. फुलाचा नाद सोड असं तेव्हाच बजावायला हवं होतं म्हणाली, त्या बाईच्या वेळीही गप्प बसले, तुझ्याही. मी म्हटलं, सांगितलं असतं तरी मी कुठे ऐकणार होते. आज तिने स्वतः दर दोन तासांनी रीळ उचललं म्हणे. चार रेघा. घड्याळवाले बघत राहिले.

सतरावर नवी मुलगी बसलीय. हसरी आहे. फूल हवंय तिला.

१२ मार्च, दुपार
अक्षर हलतंय. चिमणी शेजारी स्टुलावर आहे. ताई कागदांवर सह्या करायला गेलीय.

ती आलीय. खाटेच्या पायथ्याशी. बाटली घेऊन. आता भीती नाही वाटत. मला नको म्हणून मान हलवली, मला चालत नाही आता. तिला माहीत होतं. तिने बाटली चिमणीपुढे ठेवली.

चिमणीने विचारलं, ही कुणाची? म्हटलं, आपलीच. पी. सगळं पी बाळा. आणि लागली की जायचं, कुणी फळ्यावर काहीही लिहो—

प्यायली. गटागटा. मी बघत होते. इतकं बरं वाटलं.

आता संडासाला गेलीय, नर्सबाई बरोबर आहे. रिकामी बाटली माझ्या उशाशी. ती अजून उभी आहे. दमलेली दिसते. रीळ माझ्या हातात ठेवलं तिने. गार नाही, ऊबदार आहे. आणि दाराकडे बोट. ताई येऊ दे, म्हटलं, चिमणी येऊ दे, एकदा तिचा—

ती थांबलीय. पण तीन वाजत आले. तिकडे सतरावर ती पोर बसली असेल सकाळपासून, थेंब न घेता. तिची बाटली कुणी भरली नसेल आज. बाटली घेऊन उठते. नळ कुठे आहे ते—