लंबूची बॅटरी

५ सप्टेंबर

आज पुन्हा एका जवानाच्या घरी जाऊन आलो. तोफखान्यातला मेजर मी — पण पाठ मोडल्यापासून मुख्यालयात टेबलावर बसतो, आणि सीमेवर कुणी गेलं की या शहरातल्या त्याच्या घरी सांगायला जातो. असलंही काम असतं, हे भरती होताना कुणी बोललं नव्हतं.

पहिल्या घरी मी "दुर्दैवानं..." अशी सुरुवात केली होती. वडील म्हणाले, "कुठल्या दवाखान्यात आहे?" बोलता बोलता चपलाही पायात सरकवल्या त्यांनी. तेव्हापासून सरळ सांगतो. गेला. आजही तसंच सांगितलं. त्याच्या आईनं आतून पाणी आणलं. माझ्यासाठी.

६ सप्टेंबर

पाठ दुखते आहे.

११ सप्टेंबर

डोंगरावरून लंबूचा फोन. मागच्या वर्षी उतारावर तोफ घसरली, मी तिच्याखाली सापडलो, आणि मला मिळायची ती बॅटरी लंबूला मिळाली. सहा तोफा आणि त्यांच्यावरची सगळी पोरं. तोफांना तो मुली म्हणतो. "तुझ्या मुली सांभाळतोय रे. लवकर बरा हो आणि घेऊन जा." दोघांचेही कान तोफांनी खाल्लेत, त्यामुळे ओरडूनच बोलणं. ही आतून म्हणाली, "फोन कशाला हवा? खिडकी उघडा, जाईल ऐकू त्यांना."

हसलो. पण हेवा वाटला त्याचा. इथे तरी खोटं कशाला लिहू.

२० सप्टेंबर

ही रोज सकाळी माझ्याकडून व्यायाम करून घेते. दवाखान्यातल्या व्यायाम घेणाऱ्या बाई परवडल्या! कुरकुर केली की म्हणते, "मेजरसाहेब, अजून एकदा." आज कितीतरी दिवसांनी वाकून बुटांच्या नाड्या स्वतः बांधल्या. हिनं टाळ्या वाजवल्या. महिन्याभरात मेडिकल बोर्ड. पास झालो तर परत तोफांवर.

४ ऑक्टोबर

लंबू गेला.

पुढच्या चौकीवर होता — गोळे कुठे पडताहेत ते बघून मागे तोफांना कळवायला. पलीकडून आलेला गोळा चौकीवरच पडला. साहेबांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "तू नको जाऊस. दुसऱ्याला पाठवतो." मी म्हणालो, मीच जातो, सर. वहिनींना एखाद्या अनोळखी माणसाकडून कळावं, हे मला सहन झालं नसतं.

दोन गल्ल्या सोडून तर लंबूचं घर. वहिनी गॅलरीत चादर वाळत घालत होत्या. मला बघून हसल्या. मग माझ्यामागे उभ्या असलेल्या, अशा घरी नेहमी सोबत येणाऱ्या डॉक्टरीणबाई दिसल्या. मग माझी टोपी. त्यांच्याकडे मी कधी टोपी घालून गेलेलो नाही.

"गेला, वहिनी."

त्यांनी चादरीला दुसरा चिमटा लावला. नीट ताणून. म्हणाल्या, "मुलगी शाळेतून यायची आहे. तोवर थांबाल?"

थांबलो.

५ ऑक्टोबर

लिहवत नाही.

२३ ऑक्टोबर

बोर्ड पास. डॉक्टर म्हणाले, पाठ ठणठणीत. संध्याकाळी साहेबांनी बोलावून हुकूम दाखवला. लंबूची बॅटरी. वर्षभर जी मागत होतो, तीच. साहेब "अभिनंदन" म्हणायला गेले आणि अर्ध्यावर थांबले.

घरी ही भांडी पुसत होती. सांगितलं.

"नाही म्हणता येतं का?"

"येतं."

"म्हणणार आहात?"

मी पुसलेली भांडी फळीवर लावायला लागलो.

"पाठ मीच बरी केली ना," म्हणाली, आणि पुसलेलीच ताटली परत पुसायला लागली.

२६ ऑक्टोबर

दुसऱ्या कुणी सांगायच्या आत वहिनींना सांगावं म्हणून गेलो. दार उघडून मला बघताच त्या दोन पावलं मागे सरकल्या. "आता काय?" म्हणाल्या. मला बघून लोक आता असेच मागे सरकतात. पण वहिनीही!

बॅटरी मला दिली आहे, एवढं कसंबसं म्हणालो. त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं. पोरं तुमच्या ओळखीची आहेत. घाबरली असतील." थोड्या वेळानं — "यांच्यासारखं सारखं पुढे जाऊन बसू नका."

माहेरी चालल्या आहेत. सामानाची खोकी बांधायला मदत केली. त्याच्या पुस्तकांचं खोकं एकट्यानं उचलून खाली नेलं. पाठ जराही दुखली नाही. दुखली असती तर बरं वाटलं असतं.

३० ऑक्टोबर

माझ्या टेबलावर येणारा कॅप्टन आज आला. कोवळा आहे. आता घरोघरी त्यानं जायचं. काय बोलायचं, काय नाही, दुपारभर त्याला समजावलं.

हिनं त्याला जेवायला बोलावलं. आग्रह करून वाढलं. आई कुठे असते, लग्नाचं काय, सगळं विचारलं. निघाला तेव्हा फाटकापर्यंत सोडायला गेली. "घर नीट पाहून ठेवा. घंटा वाजत नाही, कडी वाजवा. आणि शक्यतो दुपारी या, तेव्हा मी घरी असते."

त्याला वाटलं, पुन्हा जेवायलाच बोलावते आहे. "नक्की येतो, वहिनी," म्हणाला.