मंजूची शाळा

रवि., ८ फेब्रु., धार
दुपारी मंजूचा फोन, डेन्मार्कहून. तिचं नि जावयाचं, निखिलचं, वाजलंय. ताराला खाजगी शाळेत घालायचं म्हणतो. सात वर्षांची पोर, वाचायला जरा मागे आहे एवढंच. निखिलचं म्हणणं, अर्धा पगार करात जातो, वर मुलीनं मागे राहायचं? मंजूचं म्हणणं, कर त्याच सरकारी शाळेसाठी देतो, मग आपलीच मुलगी तिथून काढायची? मी खूश झालो. माझंच बोलते पोरगी.
मग म्हणाली, "बाबा, तुम्ही सरकारी शाळेत मास्तर. मग मला का इंदूरला खाजगीत पाठवलंत?"
नेहमीचं उत्तर दिलं. आईचा हट्ट होता.
"हो, माहितेय," म्हणाली. आवाज बदलला.

मंगळ., १०
चौहान मॅडमचा फोन. आता त्या हेडमास्तरीण. आपल्या शाळेत मुली कमी, दुसऱ्या शाळेत जोडायची म्हणतात. ती पार हायवेपलीकडे. शुक्रवारी पालकसभा. "सर, आप आ जाइए, आपकी बात सुनते हैं लोग."
निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा कुणी बोलावलं. शर्टाला इस्त्री करून आणली.

शुक्र., १३
तीसेक पालक. छान बोललो. सरकारी शाळा आपली आहे, सगळे सोडून गेले तर ती गरिबांची म्हणून उरते, मग तिची विचारपूस कुणी करत नाही, वगैरे. टाळ्याही पडल्या.
मग एक बाई उठली. रेखा. गंधवानीकडची, इथे शिलाईकाम करते. मुलगी पाचवीत.
"मास्साब, आपकी बिटिया कौन से स्कूल में पढ़ी?"
टोमणा नव्हता. खरंच विचारत होती, तिला ठरवायचं होतं.
मी म्हटलं, "तो प्रश्न वेगळा आहे." मराठीत! कुणाला काही कळलं नाही. खाली बसलो.

रवि., १५
महाशिवरात्र. एकट्यापुरता साबुदाणा भिजवायला अजून जमत नाही, उरतोच.
मंजूचा फोन वाजला. घेतला नाही. गेल्या कितीतरी दिवसांत हा एकच आवाज घरात, तोही वाजू दिला नुसता.

बुध., १८, देवास
वसंतरावांकडे आलो. माझ्या बायकोचा, सुमतीचा, थोरला भाऊ, कारखान्यातून रिटायर. चहाबरोबर वाद ठरलेला.
ते: "पगार होता तोवर कर कापून घेतला. वर शाळा खाजगी, दवाखाना खाजगी. तिकडं मंजूला निदान काही मिळतं तरी."
मी: "आपण सगळे बाहेर पडलो म्हणून इथं काही उरलं नाही."
"पहिले तुम्हीच पडलात, दाजी."
ते थांबले नाहीत. "माझी बहीण गेली. तिच्या नावावर अजून किती दिवस खपवणार?"
सुमतीनं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं म्हणे. मला वाटायचं, ते आमच्या दोघांतच आहे.
ती म्हणाली होती, "पोरीला तुमच्याच शाळेत घाला, म्हणजे तुम्ही नीट शिकवाल."

रवि., २२, धार
सांगितलं मंजूला. "आईचा हट्ट नव्हता. माझा होता."
"का?"
"तिथं काय शिकवतात ते मला माहीत होतं. शिकवणारा मीच होतो ना. निम्मे दिवस मतदार याद्या नि सर्वे. उरलेले निम्मे... तेही खरं नाही. कंटाळा करायचो. दुसऱ्यांच्या मुलींना चालतंय असं वाटायचं."
"आठ वर्षांची होते बाबा. होस्टेलात रोज रडायचे नि आईला शिव्या घालायचे. सुट्टीत घरी आले की तिच्याशी बोलायचे नाही. तिनं कधी सांगितलं का नाही?"
मला कुठं माहीत. मला उघडं पाडलं नाही तिनं, एवढंच माहीत.
"ती आजारी असताना सुद्धा मी..." ठेवते म्हणाली.

रवि., १ मार्च
फोन नाही. मी लावला, दोन रिंगा जाऊ दिल्या, कापला.

शुक्र., ६
रेखाबाईच्या शिलाईच्या दुकानात गेलो. म्हटलं, "बेटी प्राइवेट में पढ़ी. इंदौर में, होस्टल में."
मशीन थांबवलं. "अच्छी निकली?"
"अच्छी निकली. दूर निकल गई."
"तो मैं क्या करूँ, मास्साब?"
पूर्वीचा मी असतो तर भाषण दिलं असतं. म्हटलं, सोमवारपासून शाळेत गणिताला मी येतो, रोज. आधी बघा.
"देखूँगी. पर फॉर्म मैंने प्राइवेट का भी ले लिया है." लपवलं नाही तिनं.

सोम., ९
अकरा मुली. अपूर्णांक घेतले. घसा बसला, सवय गेली. रेखाबाईची मुलगी शेवटच्या रांगेत. दोन गणितं चुकली, तिसरं आलं. आईला काय सांगेल कोण जाणे.
घरी आलो तर मंजूचा मेसेज.
"निखिल आज शाळा बघायला गेलाय. मी गेले नाही. तुमच्याशी बोलावंसं वाटत नाही अजून."
चार वेळा वाचला. 'अजून' लिहिलंय.