चित्रात न घेतलेलं घर

४ डिसेंबर, रविवार
स्कूटीवर शेंद्र्याला. वडिलांचं, दादांचं शेत, ते गेल्यापासून धाकटा भाऊ दत्ता कसतो. तो आणि मीना लग्नाला गेलेले. बरंच झालं, गप्पा नाहीत. बांधावर चित्राचा स्टँड लावून बसले. तुरीचा हिरवा एका खडूत सापडत नाही. तीन खडू एकावर एक, मग बोटानं घासायचं. मांडीवर सगळी भुकटी.
एक धनगर मेंढरं घेऊन चाललेला, थांबला. स्टँडचे तीन पाय बघून म्हणाला, "मोजनी हाय का, बाई?"
"व्हय, मोजतेच आहे."
हसला नाही. गेला.

६ डिसेंबर, मंगळवार
दत्ताचा फोन. दिवाळीनंतर पहिलाच.
"आक्का, वकील केला का?"
मला कळेना. गावभर झालंय म्हणाला, बहिणीनं मोजणी आणली. चित्र काढत होते म्हटलं.
"चित्राला तीन पायाचं स्टँड लागतंय?"
लागतं म्हटलं.  त्यानं फोन ठेवला. दादा गेल्यावर सातबाऱ्यावर माझंही नाव लागलंय. हक्कसोडची सही तो दोनदा मागून गेला, मी दोन्ही वेळा "बघू" म्हणाले. का म्हणाले, माहीत नाही.

११ डिसेंबर, रविवार
चित्र दाखवायला नेलं. मीनाला तूर ओळखू आली, खूश झाली. दत्ता बराच वेळ बघत राहिला.
"आमचं घर कुठंय?"
शेतातलं त्यांचं पत्र्याचं घर. निळे पत्रे. तो निळा फार भडक, बाकीचं सगळं खाऊन टाकतो, म्हणून सोडलं होतं.
"काढून टाकलंस."
"चित्रात घेतलं नाही, एवढंच."
"तेच."
बोट लावून बघितलं त्यानं. बोटाला आभाळ आलं. पँटला पुसलं.

१४ डिसेंबर, बुधवार
यांना सांगितलं. जेवता जेवता म्हणाले, "सही कशाला करतेस? बाप तुझाही होता." मग वरण मागितलं. वाळूजला सेकंड शिफ्ट, निघून गेले.

१८ डिसेंबर, रविवार
आज स्टँड नेला नाही. जमिनीवर बसून, बोर्ड मांडीवर. घर काढलं. निळा भडकच, पण शेजारी राखाडी घासला तर बसतो. दत्ता मागं येऊन उभा.
"गोठा लई डावीकडं गेला."
खरंच गेला होता. खोडरबर इथं चालत नाही, ब्रशनं झटकून पुन्हा काढला. तो शेजारी बसला. पाठ धरून. मग आपणहून बोलला. कंपनीवाल्यांकडून शेताला गिऱ्हाईक आलंय. सगळं विकायचं, घरासकट. "मला आता होत नाय गं. वाकलं की उठता येत नाय."
"राहणार कुठं?"
"शहरात बघू. तुझी सही लागंल."
मी आभाळ करत राहिले. ऊन उतरलं तसा रंग बदलला, चित्र तिथंच थांबलं.

२२ डिसेंबर, गुरुवार
दुपारी मीनाचा फोन, कधी नव्हे ते. तुरीची सोंगणी, कापणी सुरू. शेरडाला दोन पिल्लं झाली. बरंच काही बोलली, विकण्याबद्दल एक शब्द नाही. शेवटी मीच विचारलं, तुला शहरात यायचंय का?
"मला कोण इचारतंय, वन्सं."
तक्रार नव्हती आवाजात. शेरडाचं सांगितलं तसंच.

१ जानेवारी, रविवार
दत्ता घरी आला. विक्रीचे कागद तयार करून आणलेत. चहा झाला. कागद टेबलावर, शेजारी पेन.
म्हटलं, "मीनाला विचारलंस?"
"तिला काय इचारायचं?"
"मला विचारतोस ना? तिला पण विचार. ती हो म्हणाली की मी लगेच सही करते."
"तिचं नाव कुठंय सातबाऱ्यावर?"
"नाही. तरी विचार."
कप खाली ठेवून उठला. चिडला की काय, कळलं नाही. कागद इथंच राहिले. यांना सांगितलं तर म्हणाले, तू उगाच गुंता वाढवतेस. असेल.

३ जानेवारी, मंगळवार
दत्ताचा फोन नाही. कागद हलवून टेबल पुसलं, पुन्हा तिथंच ठेवले. संध्याकाळी मीनाला फोन लावला. हळू आवाजात बोलत होती.
"वन्सं, हे कालपसून माझ्या मागं मागंच हाइत. गोठ्यात आले, चुलीपशी येऊन बसले. काय तरी इचारायचंय म्हणतेत. पन इचारीनात."