पाचव्या गाण्याचं राहिलेलं अर्धं

३ एप्रिल २०२५, गुरुवार

वीस-वीस मिनिटांचं एक गाणं म्हणायचा हा माणूस! तेवढ्यात तुरीची डाळ शिजून खाली उतरते. आणि आता? चार मिनिटांत आटोपतो. तेही इतकं हळू की मी पंचशीलाला म्हटलं, फोनची बॅटरी उतरली का बघ.

पाठचा भाऊ आहे माझा, म्हणून बोलते. नाव आबासाहेब. गळ्यात गिटार. वय सत्तर. आधी वस्तीतल्या गायन पार्टीत बेंजो वाजवायचा, तिथवर ठीक होतं. मग पुण्याला गेला आणि बँड काढला. चौऱ्यांशी साली अंबाजोगाईच्या कॉलेजात त्याचा कार्यक्रम झाला, मी बघायला गेले. अर्धं तोंड पांढरं रंगवलेलं, पाठीला सूप बांधलेलं. पोरं नाचत होती. मी मात्र त्या सुपाकडं बघत होते, माझंच होतं ते!

आता नवा अल्बम आलाय त्याचा. नाव ‘दुपारचं घर’. आठ गाणी. सुनेच्या फोनवर पाठवली आणि निरोप, “आक्काला एकदम नको ऐकवू. रोज एक.” गोळीसारखं!

सून म्हणजे पंचशीला, अंगणवाडीवर आहे. तिची रजिस्टरं लिहून झाली की ती माझं लिहिते. मी बोलायचं, तिनं लिहायचं. मी ‘हाय’ म्हणते, ही ‘आहे’ लिहिते. सरकारी हात, करणार काय. अट एकच घातली, वहीतलं वहीत.

४ एप्रिल, शुक्रवार

दुसरं ऐकलं. एकच तार वाजते, मग काहीच न्हाई, मग पुन्हा तीच तार. मला वाटलं विसरला. पण तेवढ्या वेळात मला आमची आई रानातून येताना दिसली, डोक्यावर भारा. गाण्यात आईचं नाव सुद्धा न्हाई. कसं केलं त्यानं हे?

तरुणपणी एवढा आरडाओरडा करायचा, तेव्हा मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

६ एप्रिल, रविवार

आबाला फोन केला. मनात ठरवलं होतं, दुसरं गाणं चांगलं झालंय असं सांगायचं. तोंडातून काय निघालं?

“आबा, इतकं हळू गातोस, शेजारच्या खोलीत तान्हं लेकरू झोपलंय का रे?”

तो हसला. हसताना खोकला. म्हणाला, “आक्का, गळ्याला आता ओरडणं झेपत न्हाई.”

“चाळीस वर्षं ओरडलास. गळा तरी किती सोसल!”

पुन्हा हसला. मग म्हणाला, “पाचवं ऐकलंस का?”

“आजून तीनवरच हाय मी.”

“पाचवं ऐक. ऐकलं की मला सांग. नक्की सांग बरं का.”

हो म्हटलं. पंचशीला शेजारीच होती. तिचा चेहरा उतरलेला दिसला. उन्हानं असेल.

८ एप्रिल, मंगळवार

चौथं. मांजरसुंब्याला गाडी बदलताना चहा पिणाऱ्या माणसाचं आहे. गाडी येते, तो चढत न्हाई. दुसरी येते, तीतही चढत न्हाई. गाणं संपलं. पंचशीला म्हणाली, “मग तो गावाकडं आला का न्हाई?” मला काय ठाऊक. मीही तेच म्हणत होते.

१० एप्रिल, गुरुवार

पाचवं ऐकलं.

लिही पंचशीला, जसं सांगते तसं लिही. शुद्ध करू नको.

माझ्या लेकाच्या, सतीशच्या लग्नात, अठ्ठ्याण्णव साली, हळदीच्या दिवशी मांडवात सगळे बसलेले. आबा पुण्याहून आलता. कुणीतरी म्हणालं, मामा, एक होऊ द्या. त्यानं गिटार काढली. मांडी घालून बसला आणि हळू आवाजात गायला लागला. तोंड रंगवलं न्हाई, सूप न्हाई. शाळेबाहेरचा लिंब, दुपारची घंटा, असं काहीतरी होतं. मग ‘ऊन’ या शब्दावर त्यानं आवाज लांबवला. लई लांबवला. सगळा मांडव गप्प. मला ती शांतता सोसली न्हाई का काय माहीत. मी मोठ्यानं म्हणाले, “आबा, म्हैस व्यायला झालीय का रे?”

मांडव हसला. नवरदेव हसला. आचारी झारा टाकून हसला. आबासुद्धा हसला. गिटार पिशवीत घातली, चेन ओढली. म्हणाला, “आक्कापुढं काय चालायचं.” त्यानंतर आमच्या घरात ती चेन कधी उघडली न्हाई.

आणि मी तो किस्सा सांगत राहिले. बारशाला सांगितला, लग्नाला सांगितला, कुणाच्या मातीला गेले तिथं सुद्धा सांगितला. लोक हसायचे. आबा असला की कपातल्या चहाकडं बघत हसायचा.

तेच गाणं पाचवं आहे.

तोच लिंब. तीच घंटा. ‘ऊन’ आलं, त्यानं आवाज लांबवला. आता आवाज फाटका आहे, मधे विरतो. मी श्वास धरून बसले, जणू आता कुणी बोलल. कुणी बोललं न्हाई. आणि पुढचं आलं. सत्तावीस वर्षं जे राहिलं होतं ते.

“तू मला कडेवर आणलंस,
आत बसवलंस, बाहेर बसलीस.
फळा माझ्या वाटणीला आला, आक्का,
ऊन तुझ्या.”

आई रानात जायची. आबाला सांभाळायला मी. त्याला शाळेत घातलं तर एकटा बसंना, रडायचा. म्हणून मी रोज नेऊन सोडायची आणि लिंबाखाली बसून राहायची. भिंतीतून पाढे ऐकू यायचे, तेवढे शिकले. तेराचा मला आजही येतो. अक्षरं आत फळ्यावर होती, ती भिंतीतून कशी येणार? एकदा हा दारात हटून बसला, मी ओढलं, यानं दार लोटलं. माझं मधलं बोट सापडलं. ते तेव्हापासून वाकत न्हाई.

मला वाटायचं, हे सगळं फक्त मलाच आठवतं. याला काय, हा आत होता. लेकरू होता.

आणि हे सांगायला तो हळदीच्या मांडवात बसला होता. सगळ्यांपुढं. चार ओळी राहिल्या होत्या फक्त.

उद्या फोन करते.

११ एप्रिल, शुक्रवार

केला न्हाई.

१२ एप्रिल, शनिवार

घाटनांदूरच्या बाजाराला गेले. कारण न्हाई, उगाच. फोन घरी विसरले असं पंचशीलाला सांगितलं. ती म्हणाली, “आत्याबाई, फोन तुमचा न्हाईच, माझा हाय.”

काय बोलायचं तेच जुळंना. ‘चांगलं झालंय’ म्हणायला गेले की मागून एखादी टिंगल येऊन उभी राहते. लहानपणापासूनचं आहे. हा पास झाल्यावर मी काय म्हणाले होते? “मास्तर आजारी होता का?”

सहावं ऐकायचं थांबवलं. आधी पाचव्याचं सांगायचं, मग पुढं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. गल्लीत डीजे. भांडी मांडणीवर नाचतायत. सतीश बॅग भरताना दिसला. आजच्या दिवशी बॅग? म्हणाला, “पुण्याला जातो आई. मामाजवळ कुणीतरी पायजे.”

मग कळलं.

गळ्यात गाठ आहे. परवा ऑपरेशन. आवाजाची पेटीच काढायची. नंतर जीव राहील, आवाज न्हाई. कधीच न्हाई. अल्बम त्याच्या आधी उरकला त्यानं. म्हणून हळू.

“चाळीस वर्षं ओरडलास. गळा तरी किती सोसल!” हे मी म्हणाले.

पंचशीलाला विचारलं, “तुला ठाऊक होतं? रोज माझ्यासमोर बसून लिहीत होतीस, कावून सांगितलं न्हाई?”

तिनं पेन खाली ठेवलं. “मामांनी शपथ घातली होती, आत्याबाई. म्हणाले, आक्काला कळलं की ती माझ्याशी नीट बोलायला लागल. तिनं नीट बोललेलं मला झेपायचं न्हाई.”

लगेच फोन लावला. डीजेपुढं काही ऐकू येईना. घरात गेले, न्हाणीत गेले, दार लावलं. तिथंही धाड धाड. तो “आक्का? आक्का?” म्हणतोय एवढं कळलं. मी “सकाळी करते” म्हणून ठेवला.

फोन घेऊन तुडवत जायचं होतं की रानात! दहा मिनिटांवर शेत आहे. सुचलंच न्हाई.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी सहाला फोन. रोहिणीनं उचलला, आबाची बायको. दवाखान्यात होते. म्हणाली, “आक्का, रात्री श्वास लागला यांना, नळी घातलीय. बोलणं बंद. पण ऐकू येतं. कानाशी धरते, बोला तुम्ही.”

धरला. त्याचा श्वास ऐकू येत होता. रात्रभर जुळवलेलं होतं सगळं. आबा, पाचवं ऐकलं. आबा, मला ठाऊक नव्हतं तू मला बघत होतास.

आणि तोंडातून काय निघालं?

“काय रे, शेवटी गप्प केलं का तुला डॉक्टरनं?”

पलीकडं श्वास तेवढा. मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे टाकला.

हे लिही, पंचशीला. गाळू नको. रडायचं ते नंतर रड, अक्षर भिजतंय.

१६ एप्रिल, बुधवार

ऑपरेशन झालं. माणूस राहिला.

१९ एप्रिल, शनिवार

सहावं, सातवं एकदम ऐकलं. आता कशाला रोज एक? मग आठवं.

आठव्यात शब्द न्हाईत. आधी वाटलं, कुणी दार वाजवतंय. थप थप. थांबणं. थप. थप थप. थांबणं. थप. पंचशीला लिहिता लिहिता थांबली. “आत्याबाई, हे तर तुम्ही भाकरी थापताय.”

मीच ती. वाकत न्हाई त्या बोटानं माझी भाकरी लंगडी वाजते. दोन थापा पडल्या की हात उचलावा लागतो, मग तिसरी. सगळ्या वस्तीत अशी भाकरी कुणाची वाजत न्हाई.

पाच-सहा वर्षांमागं आबा आलता तेव्हा चुलीपाशी येऊन बसला होता. हातात छोटं यंत्र, त्याला केसाळ टोपी. मी म्हणाले, “हे मुंगूस कावून आणलंस घरात?” तो म्हणाला, “तू थाप. तुझं चालू दे.” मी थापत होते आणि त्याला बोल लावत होते. गाण्यात माझं बोलणं कुठंच न्हाई. नुसत्या थापा ठेवल्यात. त्या थापांच्या पाठीमागून त्याची गिटार येते, अगदी हळू, कडेवर नेलेल्या लेकरासारखी.

पंचशीला म्हणाली, “आता तरी सांगा त्यांना.”

“मी तोंड उघडलं की काय निघतं, बघितलंस ना.”

“मग तुम्ही बोलूच नका. मी ही वही वाचून दाखवते.”

वहीतलं वहीत, ही अट माझीच होती. मोडली.

२७ एप्रिल, रविवार

दुपारी सतीशनं दवाखान्यातून फोन लावून आबाच्या उशाशी ठेवला. पंचशीलानं तीन एप्रिलपासून वाचलं. डाळीपासून. म्हैस वाचली, पाचवं वाचलं, फोनवरचा तो डॉक्टरही वाचला, काही गाळलं न्हाई. मी पदर तोंडात धरून बसले होते. वाचून संपलं.

मग पलीकडं कशावर तरी, ताटलीवर असेल, बोटं वाजली. थप थप. थांबणं. थप.

वाजवत राहिला. सगळं आठवं गाणं वाजवलं त्यानं. माझ्या तोंडात तीनदा काहीबाही आलं.

गाणं संपेपर्यंत मी मधे बोलले न्हाई.