टाळीनंतरचं वाक्य

॥ श्री ॥
गंगापूर रोड, नाशिक
ता. २४ डिसेंबर २०२५

प्रिय सखी माजिदा हिस,
छायाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

बाई गं, उभी असशील तर आधी बस. प्रताप खर्डीकर येतोय! नाशकात, आमच्या वॉर्डात, चार तारखेला प्रचाराच्या सभेला! उमेदवाराची बायको साधना आमच्या भिशीत आहे. तिने आम्हा सगळ्याजणींना पुढच्या रांगेचे पास दिलेत. माझा पास मी देवापुढे ठेवलाय. आमचे हे म्हणाले की चाळीस वर्षं संसार केला, पण माझा एक फोटो कधी देवापुढे ठेवला नाहीस. मी म्हटलं की जिवंत माणसाचा ठेवत नसतात. 

फोनच केला असता, पण आपला करार आहे ना. प्रतापचा विषय निघाला की दोन्ही घरं दात काढतात, म्हणून त्याच्यापुरतं फक्त पत्र. तुझा शोएब रोज नव्या दुकानाच्या कामाला इकडे येतोच, त्याच्याच हाती देते.

आज मेथी निवडता निवडता सगळा तंबू डोळ्यांपुढे आला बघ. सायखेड्याच्या जत्रेतला तो टुरिंग टॉकीज, मधोमध दोर, अलीकडे बाया, पलीकडे बाप्ये. आपण दोघी बारदानावर पार पडद्याच्या नाकाखाली बसायचो आणि दुसऱ्या दिवशी मान धरून शाळेत जायचो. आणि त्याची ती सवय! अर्धं वाक्य बोलायचा आणि थांबायचा. तो थांबला की टाळ्या, शिट्ट्या, पडद्यावर नाणी, नुसता कल्लोळ. उरलेलं अर्धं वाक्य कुणाच्या बापाला कधी ऐकू आलं नाही. तो नावाड्याचा पिक्चर आठवतो? ‘नदीला काठ दोन असतात, म्हणून काय...’ आणि तंबू फुटला. मी अजून म्हणते की पुढे ‘पाणी दोन असतं का?’ होतं. तू आपली हटून बसलीस की ‘नाव एकाच काठाला बांधायची का?’ शोएबने मोबाईलवर चुटकीसरशी शोधून दिलं असतं, पण मग आपण भांडायचं कशावर? आता त्यालाच गाठून विचारते. म्हातारपणी तरी निकाल लागू दे.

शौकतभाईंना म्हणावं, एक ब्लाउज हवाय. मोरपंखी. कापड शोएबजवळ दिलंय. अम्मीच्या गुडघ्याचं काय झालं ते सविस्तर लिही.

लोभ आहेच, तो या बातमीने वाढावा.
तुझी,
छाया


७८६
सायखेडा
ता. २८ डिसेंबर

सौ. छायाबाई पुढची रांगवाली हिला,
माजिदाचा सलाम न् नमस्कार, दोन्ही घे. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी पोळी करपवली. छाये, साठीला आलीस, जरा लाज धर. केसाला मेंदी लाव म्हणजे झालं, बाकी परत्या काय तुला बघायला येत नाय. तो पण आता म्हातारा झाला असंल. परवा शोएबने त्याचा फोटो दाखवला. केस असे काळे की बुटालासुद्धा तसं पॉलिश लागत नाय.

शोएबच्या अब्बांनी जन्मभर त्याच्या नावाने बोटं मोडली. आमच्या लग्नानंतर पहिल्याच पिक्चरला मी टाळ्या पिटल्या ते त्यांच्या अजून मनात हाय. पण तुझं कापड आलं तसे मशीनवर बसले ते ब्लाउज पुरा करूनच उठले. वर निरोप दिलाय की त्या नटाला विचार, तुझा सदरा शिवतं कोण, खांद्यात लय उतरतो.

अम्मीचा गुडघा थंडीत धरतो, बाकी बरी हाय. तुझ्या पास देवापुढे ठेवण्यावर लय हसली. तिला आठवतं, तू आमच्या घरी येऊन परत्यासारखी चालून दाखवायचीस, उखळाला अडखळून पडली होतीस ते.

आता कामाचं. शोएबचं दुकान नऊ तारखेला, शुक्रवारी, उघडतंय. पोरगा सुईसारखा सरळ हाय, गिऱ्हाईकाशी चार शब्द बोलता येत नाय त्याला. तुझ्या सोसायटीच्या बायांच्या जिवावर त्याने तिथं गाळा घेतला. त्यांना घेऊन ये. मला लय धाकधूक वाटती.

आणि परत्याला सांग, सायखेड्यात बारदानावर दोघी बसायच्या. तू एकटीच पुढं आलीस म्हणून दुसरीला विसरू नको म्हणावं.

तुझा लोभ सगळा त्याच्यावर उधळू नको, चिमूटभर इकडं पाठव.
तुझीच,
माजिदा


॥ श्री ॥
गंगापूर रोड, नाशिक
ता. ६ जानेवारी २०२६

प्रिय माजिदास,
स. न. वि. वि.

सभा झाली. गर्दी बरीच होती. लाउडस्पीकरच्या अगदी पुढ्यात बसल्यामुळे कान अजून दुखतोय. प्रताप थकलाय. पायऱ्या चढताना दोघांना त्याला धरावं लागलं. बोलला पाऊण तास. भेटायला मिळालं नाही, त्यामुळे तुझा निरोप आणि आपलं ते वाक्य राहूनच गेलं. असो.

ब्लाउज अगदी बेतशीर बसला. शौकतभाईंना सांग.

सभेविषयी फार काही लिहिण्यासारखं नाही. राजकारणातलं बोलणं तसंच असतं. शोएब कालपासून इकडे फिरकला नाही, बरा आहे ना? दुकानाचं कुलूपही दिसलं. म्हणून हे पोस्टात टाकते. नऊ तारखेला काय काय आणायचं ते कळव, मी पेढे सांगून ठेवलेत.

अम्मींना नमस्कार. लोभ आहे तसा ठेव.
तुझी,
छाया


७८६
सायखेडा
ता. ९ जानेवारी

सौ. छायाबाई यांस,
माजिदाचा नमस्कार. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. शोएब बरा आहे. दुकान आज उघडणार होतं, ते उघडलं नाही. पाटी रंगवून तयार आहे, ‘शौकत लेडीज टेलर्स’. शोएबने ती भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. पेढे सांगितले असल्यास कृपया रद्द करावेत.

सभेविषयी लिहिण्यासारखं फार काही नव्हतं, असं आपण कळवलंत. तिथलं भाषण इथे सगळ्या गावाच्या मोबाईलवर आलं आहे. शोएबनेही दाखवलं. ‘सण आपला, पैसा आपला, मग दुकान त्यांचं कशाला?’ हे वाक्य पुन्हा पुन्हा लावतात. कॅमेरा पुढच्या रांगेवर फिरतो. चेहरे नीट दिसत नाहीत, पण मोरपंखी ब्लाउज दिसतो. बाहीची घडी शोएबच्या अब्बांनी ओळखली. त्या बाईचे दोन्ही हात वर आहेत आणि ती टाळ्या वाजवते आहे.

त्यांनी मशीनवर झाकण घातलं आणि नमाजाला गेले.

आपण सर्व खुशाल असाल.
लोभाचं काय करायचं ते आपलं आपण ठरवावं.
माजिदा शौकत


॥ श्री ॥
गंगापूर रोड, नाशिक
ता. १२ जानेवारी

माजे,

नमस्कार-चमत्कार राहू दे. तू मला ‘आपण’ म्हणालीस? मला? अख्ख्या पत्रात एक ‘लय’ नाही की एक ‘हाय’ नाही. शाळेच्या दाखल्यासारखं पत्र. मी ते वाचलं आणि जिन्यात बसून रडले. सूनबाई मनीषा धावत आली, तिला वाटलं गावाकडे कुणी गेलं.

आता ऐक, आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. मी टाळी वाजवली. हो, वाजवली. पण कधी, ते नीट बघ. तो म्हणाला, ‘सण आपला, पैसा आपला...’ आणि थांबला. तस्साच थांबला गं! मान तशीच किंचित डावीकडे, एक बोट वर. माझ्या अंगावर काटा आला. मी साठ वर्षांची कुठली, मी बारदानावर होते. त्याने पुढे काय म्हणायचं होतं हे मला कुठे ठाऊक? आपण त्याचं पुढचं कधी ऐकलंच नाही. हात आपोआप वर गेले. आणि या मेल्या लाउडस्पीकरमुळे या खेपेला उरलेलं वाक्यही ऐकू आलं. टाळी हातातच राहिली, माजे. शेजारच्या अजून वाजवत होत्या. अंगात तुझ्या घरचा ब्लाउज. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

उठून जायला हवं होतं. उठले नाही. शेवटपर्यंत बसले आणि घरी येऊन तुला ते भ्याड पत्र लिहिलं. वाटलं, तुझ्या कानावर जाणारच नाही. मोबाईल सगळ्यांच्या हातात असताना असं वाटणारी मी एकटीच शहाणी.

शनिवारी भिशीत साधनाला सगळ्यांदेखत विचारलं, की आमच्या गल्लीत कुणी कुठून काय शिवून घ्यायचं हे तो ठरवणार का? ती म्हणाली, निवडणुकीत असं बोलावंच लागतं, एवढं मनाला लावून घेऊ नये. मी सांगितलं की तुम्हाला बोलावं लागतं, आणि ज्याचं दुकान बंद पडतं त्याने मात्र मनाला लावून घ्यायचं नाही, हा कुठला न्याय? मग माझी भिशी सोडली. चौघीजणी शोएबकडे यायला तयार आहेत. बाकीच्या मोबाईलमध्ये माना घालून बसल्या. खोटं कशाला सांगू.

माझी त्याच्यावरची माया अशी एका सभेत संपावी, याचंही मला रडू येतंय, हे तुला नाही तर कुणाला सांगू? अर्धं आयुष्य होतं गं ते आपलं. त्याने मागितलं असतं तर मतसुद्धा दिलं असतं.

पाटी सरळ कर. दुकान उघड. तू ‘आपण’ म्हण, ‘बाई’ म्हण, पण उघड. शौकतभाईंपुढे मी स्वतः येऊन उभी राहते. ते बोलणार नाहीत हे ठाऊक आहे, आणि त्याचीच भीती वाटते.

लोभाचं मी काही ठरवणार नाही. तो तुझ्याकडेच आहे.
छाया


७८६
सायखेडा
ता. १८ जानेवारी

छाये,
सलाम न् नमस्कार.

जिन्यात बसून रडायचं वय हाय का तुझं? गुडघे धरतील.

तुझं पत्र मी शोएबच्या अब्बांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते काज करत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले की त्या ब्लाउजची डावी बाही जरा चढलेली दिसत होती, छायाला म्हणावं टाके सोडवून दे, बरोबर करून देतो. मग चहा मागितला. एवढंच. मी पण तेवढ्यावर समजून घेतलं, तू पण घे.

निवडणूक झाली, पोस्टरं उतरली. शोएब म्हणत होता की पाटीवर नाव नको, नुसतं ‘लेडीज टेलर’ लिहू, म्हणजे कुणाच्या डोळ्यावर येणार नाय. मी त्याला सांगितलं की तुझ्या बापाने पंचेचाळीस वर्षं याच नावाने गावाच्या बायांची लुगडी-झंपर सांभाळली, आता ते नाव झाकायचं असंल तर आधी आमच्या घराला कुलूप लाव. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. काल त्याने पाटी पुसून टेम्पोत चढवली. तेवीसला, शुक्रवारी, उघडतंय. त्या चौघींना घेऊन ये. पेढे तेवढे जास्त गोड आणू नको, अम्मीला साखर निघालीय.

आणि भिशी कशाला सोडलीस वेडे? आत राहून भांडली असतीस. तुझा स्वभावच तो, आधी दार आपटायचं न् मग चप्पल आत राहिली म्हणून परत यायचं. पण बरं वाटलं मला. लय बरं वाटलं. ‘आपण’ लिहिताना माझा हात जड झाला होता गं.

परत्यावरची माया संपली म्हणतीस. माझी तर नाय संपली, तेच तर दुखतंय. तो तंबू आपला होता, तो त्याला कसा देऊन टाकू? त्याचा तोंडवळा बाजूला ठेवायचा न् बारदान आपल्याकडे ठेवायचं, असं काहीतरी करता येतं का बघते.

तेवीसला लवकर ये. लोभाला कुलूप लावलं होतं, उघडलं.
तुझीच,
माजिदा

ता. क. एक लिहायचं ठेवलं होतं, न लिहिता पाकीट चिकटवलं, परत फोडलं. शोएबने तो व्हिडिओ पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी भाकरी थापत होते. चष्मा नव्हता, नुसता आवाज ऐकत होते. तो म्हणाला, ‘सण आपला, पैसा आपला...’ आणि थांबला. आणि माझी टाळी वाजली, छाये. पीठ उडून शोएबच्या मोबाईलवर बसलं. मग पुढचं वाक्य आलं. पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मी मोबाईल त्याच्या हातून घेतला आणि पदराने कितीतरी वेळ पुसत बसले.