झाकणावरची बोटं

४ फेब्रुवारी

पुन्हा खड्डे! बारीक, टाचणीच्या डोक्याएवढे, आणि नेमके दर्शनी बाजूला. इंजिनावरचं झाकण ओव्हनमधून काढलं तेव्हा काळं कुळकुळीत, तोंड दिसेल असं — आणि मधोमध देवी आल्यासारखे व्रण. ओव्हनचं दार इतक्या जोरात आपटलं की नवऱ्याने बाहेरून विचारलं, काय फुटलं? म्हटलं, माझं नशीब.

पावडर, म्हणजे भाजून बसवायचा कोरडा रंग, मारायच्या आधी धातू उघडा असतो. तेव्हा त्याला तेलकट बोट लागलं की संपलं. भाजताना पावडर वितळते आणि त्या जागेपासून मागे सरते. हे मी झोपेतही सांगेन. म्हणूनच हातमोज्यांशिवाय मी कशाला हात लावत नाही. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते, हातमोजे घालूनच जन्मले असं सगळे म्हणतात. मग हे तेल आलं कुठून?

आता सगळं उतरवा, घासा, धुवा. पहिल्यापासून.

५ फेब्रुवारी

नवऱ्याच्या डोक्याचं तेल. दुसरं काय असणार!

७ फेब्रुवारी

दादाचा फोन. डोकं फिरलंय.

बाबांची जुनी गाडी. त्यांचं गॅरेज बंद झाल्यापासून मागच्या शेडमध्ये धूळ खात होती. दादाने तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मीच एके दिवशी हौस म्हणून एक ब्रॅकेट खोलला, गंज काढला, पावडर मारली आणि स्वयंपाकघरातून हद्दपार झालेल्या जुन्या ओव्हनमध्ये भाजला. मग दुसरा. मग वेडच लागलं. सकाळी भाग धुऊन टांगायचा, कामावर जायचं, संध्याकाळी येऊन पावडर मारायची. नवरा पाहुण्यांना सांगतो, आमच्याकडे केक मिळत नाही, ताजे ब्रॅकेट मिळतात.

आणि मी मूर्ख! फोटो पाठवले दादाला. कौतुक करेल म्हणून. त्याने ते पुढे कुणाला तरी दाखवले, आणि आज म्हणतो — जुन्या गाड्या जमवणारा एक जण आहे, गाडी त्याला देऊन टाकू. पूर्ण झाली की न्यायला येतो, बाबांच्या कानावर मागच्याच महिन्यात घातलंय. वर म्हणे, "तुझीही हौस फिटली, गाडीचंही सोनं झालं."

तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी बाबांच्या नावावर आहे, पण घरात लहानपणापासून एकच गाणं — गाडी थोरल्याची.

तरी वाटलं, बाबा नाही म्हणतील. खुर्चीत बसून गुडघ्याला बाम चोळत होते. सगळं ऐकून घेतलं. चोळणं थांबवलं नाही. म्हणाले, "पूर्ण झाली की ने म्हणावं."

बस! विषय संपला. थोरल्याला नाही म्हणणं त्यांना आजवर जमलेलं नाही. मला नाही म्हणायला मात्र फार छान जमतं.

८ फेब्रुवारी

काम सोडून द्यावं असं रात्रभर वाटत होतं. का म्हणून सोडू? सोडलं तर दादा म्हणणार, तिच्याच्यानं काय पुरं होतंय. ते ऐकून घेणार नाही. गाडी जायचीच असेल तर अशी जाईल की त्याला ती देताना जिवावर येईल.

१० फेब्रुवारी

पट्ट्याची कप्पी भाजली. कडेला पुन्हा खड्डे! नवऱ्याला धरलं. त्याने सरळ कानावर हात ठेवले. म्हणाला, "तुझ्या त्या खोलीत मी पाय ठेवत नाही. उद्या मलाच आकड्याला टांगून भाजशील."

पुरावा म्हणून त्याने आजपासून डोक्याला तेल लावणं बंद केलंय. डोकं वाळक्या झाडूसारखं झालंय. हसू आलं, पण दाखवलं नाही.

११ फेब्रुवारी

चहा पिताना बाबांनी विचारलं, किती राहिलं? हल्ली रोज विचारतात. आधी एवढे महिने एका शब्दाने विचारलं नाही, आता लाडक्या लेकाला गाडी द्यायची म्हटल्यावर घाई!

मी म्हटलं, खड्डे पडताहेत, राहिलंय बरंच. तर मान हलवली आणि आणखी एक बिस्किट घेतलं. जणू बरंच झालं.

गॅरेजमध्ये त्यांनी मला कधी पाना धरू दिला नाही. हात काळे होतील म्हणायचे. दादाच्या हातात दिला, त्याने तो पावसात विसरला. मी दारात स्टुलावर बसून बघायची. बाबांचा एकच नियम होता — खोललेली गाडी दाराबाहेर जात नाही. गिऱ्हाईक हातापाया पडलं, तरी नाही. आमच्या मुख्याध्यापकांना एकदा भर उन्हात पायी घरी पाठवलं होतं, दुसऱ्या दिवशी शाळेत मान वर करायची सोय नव्हती. आणि आता स्वतःच्या गाडीच्या वेळी? पूर्ण करा, न्या! सगळे नियम परक्यांना.

१४ फेब्रुवारी

शेडला कुलूप घातलं. आता बघू.

१५ फेब्रुवारी

कप्पी दुसऱ्यांदा भाजली. एक डाग नाही! काच आहे काच. बसवून टाकली.

१८ फेब्रुवारी

दादा येत्या रविवारी येतोय. "बघून तरी जातो." सगळं बसवून झालंय, फक्त इंजिनावरचं झाकण राहिलंय. ते मी तीनदा धुतलं, नुसतंच भाजून आतलं जुनं तेल बाहेर काढलं, पुन्हा धुतलं, टांगलं. कुलूप ओढून पाहिलं. उद्या संध्याकाळी पावडर.

१९ फेब्रुवारी

आज घरात कुणाशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण लिहिलं नाही तर फुटेन.

झाकणावर खड्डे. कुलूप असताना!

दुसरी किल्ली नवऱ्याकडे होती, म्हणून त्याच्यावर तुटून पडले. तो बिचारा म्हणाला, माझी किल्ली तीन दिवसांपासून बाबांच्या पलंगाजवळच्या खुंटीला आहे. ऐकून घरभर फिरले. मग परत शेडमध्ये जाऊन झाकण दिव्याखाली धरलं. इतके दिवस नुसते खड्डे बघून संतापत होते, नीट बघितलंच नव्हतं. बारीक खड्ड्यांचे पुंजके, एका ओळीत चार ठसे. तीन गोल. आणि पहिला आखूड, चपटा.

बाबांच्या तर्जनीला पेर नाही. मी लहान असताना गॅरेजमध्ये इंजिनाच्या पंख्याच्या पट्ट्यात गेलं.

आणि बाम. घरभर त्याचा वास असतो, नाकाला आता कळतही नाही. शेडमध्ये तर तोंडाला मास्क!

तशीच गेले त्यांच्यासमोर. विचारलं, बाबा, झाकणाला हात लावला होता? टीव्हीवरची नजर काढली नाही. "लागला असेल."

चुकून लागलेला हात असा दाबून बसत नाही. कुलूप उघडून तर मुळीच नाही. मी काय काय बोलले ते इथे लिहवत नाही. जे लिहवतं ते एवढंच — मी म्हटलं, तुमच्या लेकाच्या गाडीला माझा हात लागलेला चालत नाही ना तुम्हाला? म्हणून नासवता माझं काम?

त्यांनी बामाच्या डबीचं झाकण घट्ट फिरवलं. मूग गिळून बसणं हा तर आमच्या घरात पुरुषांचा हक्कच आहे.

रडले. रागाने. फक्त रागाने.

२० फेब्रुवारी

अबोला. जेवण वाढलं, ताट नेलं. बाबांनी किती राहिलं विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

दादा आला. कडक इस्त्रीचे कपडे, हातात फोन. गाडीभोवती फिरला, बॉनेट उघडलं, फोटो काढले. "वा, काम चांगलं केलंस गं," म्हणाला. गाडी धुणाऱ्या पोऱ्याला म्हणावं तसं. मग इंजिनाकडे बोट. हे काय, उघडं?

मी म्हटलं, झाकण खराब निघालं, पुन्हा करावं लागेल. तर म्हणतो, एका झाकणासाठी काय थांबायचं? टेम्पो बोलावतो, आजच नेतो. झाकण तो माणूस बघेल कुठूनतरी.

कुठूनतरी! माझ्या हातात चहाचा ट्रे होता, तो त्याच्या इस्त्रीवर उपडा करणार होते. देवाशप्पथ करणार होते. तेवढ्यात मागून काठी वाजली. बाबा शेडच्या दारात. गॅरेज बंद झाल्यापासून मी त्यांना असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"खोललेली गाडी दाराबाहेर जात नाही," बाबा म्हणाले.

दादा हसला. म्हणाला, बाबा, आता कुठे आहे तुमचं गॅरेज?

"हे काय, हिचं आहे. पूर्ण झाली की ने. मी नाही कुठे म्हणतोय?"

दादाने माझ्याकडे बघून विचारलं, मग कधी होणार पूर्ण? मी बाबांकडे पाहिलं. ते झाकणाकडे बघत होते. उजवा हात खिशात.

पूर्ण झाली की. पूर्ण झाली की! पहिल्या दिवसापासून हेच म्हणतोय हा माणूस, आणि मी बहिरी! लेकाच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही, म्हणून कुलूप उघडून, चोरासारखं जाऊन, माझ्या कामावर बोटं दाबायची. मला सांगायचं तरी! एका शब्दाने सांगता आलं नसतं? किती वेळा घासलं मी ते झाकण! हात सोलून निघाले.

दादाला म्हटलं, नक्की सांगता येत नाही. खड्डे पडतात.

तो रिकाम्या हाताने गेला. बाबांशी मी अजून बोललेले नाही. राग गेलेला नाही. मुळीच नाही.

२४ फेब्रुवारी

सकाळी झाकण धुऊन टांगलं. हातमोजे काढले. बाबांची डबी उघडून बाम घेतला आणि अंगठा टेकवला, चांगला दाबून. कुलूप न लावता कामावर गेले.

संध्याकाळी पावडर मारली, भाजलं. पाच ठसे.

मी फक्त अंगठा लावला होता.