आत्मचरित्रातून काकू वगळल्याचे परिणाम

तीर्थरूप काकांस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा खुर्चीतूनच गोड मानून घ्यावा). तुमचा गुडघा कसा आहे? काकूची तब्येत ठणठणीत आहे. हे मला कसं ठाऊक, ते मागाहून सांगतो.

तुमचं आत्मचरित्र आमच्या ऑफिसात रोज का छापतात, असं तुम्ही मोठ्या आशेने विचारलंत. काका, आमचं काम पुस्तकाची पानं जुळवणाऱ्या प्रोग्रामचं. त्यात काही बदललं की तोच जुना मजकूर पुन्हा त्यातून काढायचा आणि शब्दाशब्दांतली, ओळींमधली जागा पूर्वीइतकीच पडते का, ते मंजूर पानांशी ताडून बघायचं. फरक दिसला की स्क्रीन लाल. मजकूर असा हवा, की तो वाचण्याच्या नादात कुणी जागा बघायचं विसरणार नाही. मी तुमचं आत्मचरित्र सुचवलं. (रागावू नका. पुढे सगळ्यांनी वाचलंच. तुमची सायकल चोरीला जाते तिथे आमच्या मॅडम अजून डोळे पुसतात, आणि बाबांना तुम्ही काय काय म्हटलंय ते शिपायालाही तोंडपाठ आहे.)

परवा तुमची सुधारलेली प्रत आली. तुम्ही पाठवलेलं न वाचता जपून ठेवायचं, या आपल्या घराण्याच्या रिवाजाला जागून मी ती न उघडताच चाचणीतल्या जुन्या मजकुराच्या जागी टाकली. नेमकी त्याच दुपारी आमच्या प्रोग्रामरने (याला आम्ही गोगलगाय म्हणतो, हात भराभर चालतात, तोंड तेवढं हळू) तळटिपांमधली जागा केसभर वाढवली होती. (आत्मचरित्राला तळटिपा तुम्हीच घालू जाणे.) चाचणी लावली, तर तळटिपा राहिल्या बाजूला, मधल्या एका पानापासून शेवटपर्यंत सगळं लालभडक! ओळी वर सरकलेल्या, एका प्रकरणाचं नाव पानाच्या तळाशी एकटंच लोंबकळतंय. मी गोगलगायीला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. बिचाऱ्याने बदल मागे घेतला, तरी लालच. प्रोग्रामची नवी आवृत्ती अडली, तो पार सोलून काढला. शेवटी मॅडम स्क्रीनला नाक लावून म्हणाल्या, "अरे, यातली काकू कुठे गेली?"

काकू गायब! तुम्ही छपरावर चढून गळती बंद केलीत आणि काकूने खाली शिडी धरली, तो अख्खा प्रसंग उडवलात. आता तुम्ही शिडी चढता आणि पुढच्याच ओळीत नोकरीतून निवृत्त होता. तिने तुमची प्रस्तावना डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारली, हे वाईटच. पण म्हणून जन्माच्या सोबतिणीला पुस्तकातून हाकलायचं? मला मनापासून वाईट वाटलं, काका. गोगलगायीची माफी मागताना माझं तोंड कसं झालं, ते वेगळंच.

घरातल्या सर्वांना (म्हणजे सध्या तुम्हालाच) नमस्कार.

तुमचा,
पुतण्या

ता.क. : जुनी प्रत परत बसवली, स्क्रीन हिरवी झाली. तेव्हा हात जोडून विनंती, यापुढे एक अक्षरही सुधारू नका.

आणखी एक ता.क. : काकू आमच्याकडे आहे. तिला ते जुनं पान दाखवलं. बराच वेळ चष्मा पुसत बसली, मग उठून बॅग भरायला घेतली. शनिवारी संध्याकाळच्या गाडीने येतेय. स्टेशनवर या, आणि वेळेवर या.

शेवटचं ता.क. : बॅगेत लाल पेन आहे. ती म्हणते, छपरावर ती चढली होती. शिडी तुम्ही धरली होती.